सोलां, सोलार आणि फुकटचं ऊन

ऐक गो गायत्री, हे वाचताना जरा निवांत बस, आणि तो मोबाईल पालथा घाल. परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्ये, आम्ही गच्चीवर सोलार बसवतोय, आता वीज एकदम फुकट!" आणि मी तिथल्या तिथे फोन ठेवला. तुला राग आला असेल. येऊ दे. पुण्यात एवढी शिकलीस, बँकेत दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब करतेस, आणि तुझ्याच गच्चीचा हिशेब करताना तोंडातून हा शब्द कसा निघाला गो तुझ्या? माझं सोलारशी भांडण नाही. भांडण त्या 'फुकट'शी आहे, आणि ते आजचं नाही. तुझा बाबा तेव्हा चार वर्षांचा होता, नाक गळत अंगणभर फिरायचा, त्याला यातलं काही आठवणार नाही. म्हणून मीच लिहून ठेवते. वाचणाऱ्या बाकीच्यांनीही ऐकावं.

आमचं घर खाडीतल्या जुव्यावर. जुवा म्हणजे खाडीच्या पोटातलं बेट, चारी बाजूंनी पाणी, मध्ये माड, रातांब्याची झाडं आणि अकरा घरं. पलीकडच्या काठावर बाजार, हायस्कूल, दवाखाना आणि विजेचे खांब. ते खांब आमच्या खळ्यातून स्पष्ट दिसायचे. त्यांच्यावर ओळीने बसलेले कावळेही मोजता यायचे. पण तार काठापर्यंत येऊन थांबली होती आणि पुढे पाणी होतं. जुव्याने खांबांसाठी अर्ज किती केले ते कोणी मोजले नव्हते. माझे बाबा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा यायचे, येताना साबण आणि डब्यातलं चीज आणायचे, जे आम्ही कोणी खात नसू. घरात आई, मी आणि तुझा बाबा. शेजारच्या घरात बाबांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा काका. तो पंचायतीचा मेंबर, वाडीतला एकमेव बूट घालणारा माणूस. दुसऱ्या बाजूला रोझाबाय. तिचा नवरा वारलेला, मुलगा गोव्याला हॉटेलात. नाताळात ती आम्हाला नेवऱ्या पाठवायची आणि चतुर्थीला आई तिला मोदक. एरवी वर्षभर दोघी माडाच्या झावळांवरून भांडायच्या.

सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत चुलीत भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. दुपारी तिरफळं घातलेलं माशांचं तिखलं मिळालं तर नशीब. बाहेर वल्ह्यांचा चुबुक चुबुक आवाज, भरतीचं पाणी माडांच्या मुळांत शिरताना व्हायची ती खळखळ, आणि वारा पलीकडून असला की बाजारातल्या रेडिओची गाणी अर्धी अर्धी ऐकू यायची. सातवीनंतर माझी शाळा सुटली. हायस्कूल पलीकडे होतं आणि पावसाळ्यात होडीचा भरवसा नव्हता. मग पुड्यांचे कागद, पंचायतीच्या नोटिसा, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, जे छापील हाताला लागेल ते वाचत मी वाढले. अजूनही वाण्याची पुडी सोडली की आधी कागद वाचते आणि मग डाळ डब्यात ओतते. माझी सून हसते. हसू दे.

पण आमचं खरं वर्ष चैत्र-वैशाखात असायचं, रातांब्यांचं. झाडावरून लालभडक रातांबे उतरवायचे, फोडायचे, बिया आणि रस बाजूला काढायचा, आणि सालं त्याच रसात बुडवून बांबूच्या तट्ट्यांवर उन्हात पसरायची. दुसऱ्या दिवशी परत बुडवायची, परत पसरायची. असं करत करत साल काळं, मऊ आणि आंबट होतं, त्याला आम्ही सोलां म्हणतो. तुम्ही त्याला आमसुलं म्हणता आणि प्लास्टिकच्या पिशवीतून आणता. त्या दिवसांत आईचे हात कोपरापर्यंत लाल असायचे आणि घरभर आंबट वास. आमच्या घरात ऊन मोजलं जायचं. तीन उनांचं सोलं कच्चं, बुरशी धरणार. पाच उनांचं बरं. सात उनांचं पक्कं, दोन वर्षं टिकणार. आई निरक्षर, पण पडवीच्या भिंतीवर ती कोळशाने रेघा ओढायची. पूर्ण ऊन मिळालं तर पूर्ण रेघ, दुपारनंतर आभाळ आलं तर अर्धी. मला कॅलेंडर वाचता यायच्या आधी ती भिंत वाचता यायची.

सोलां घ्यायला वेंगुर्ल्याहून एक व्यापारी यायचा. गोल पोट, खिशात तीन पेनं. दर वर्षी त्याचं एकच. "अगे वयनी, एवढे पैसे कसले मागतंस? ऊन काय तुझ्या घरचा? वरसून पडता फुकट. रातांबे झाडाचे फुकट. तू फक्त वाळत घातलंस." आणि दर वर्षी आई पदराला हात पुसत उठायची. "ऊन फुकट मा? मगे तुमीच घाला वाळत. तुमच्या दुकानावर पडणा नाय काय ऊन?" मग त्याला भिंतीपाशी न्यायची. "ह्यो बघा, सात उनां. ही तट्टी बुरडाकडसून घेतलंय, तीन वर्सां चलता, म्हणजे तिचो तिसरो वाटो ह्या वर्साच्या सोलांवर चढलो. मीठ येगळा. आनी दोन खेपा आभाळ इला तेवां हातातला जेवान टाकून आमी धावलव, तां कोणी भरूचा? तुमी?" तो पोट हलवत हसायचा आणि शेवटी थोडं वाढवून द्यायचा. पुरेसं कधीच नाही. मला त्याचा भयंकर राग यायचा. पण आईचं ते बोलणं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. तट्टीचा तिसरा वाटा. जी वस्तू तीन वर्षं टिकते तिची किंमत तीन वर्षांच्या मालावर वाटायची. हे मला कुठल्या गुरुजींनी नाही शिकवलं.

अशाच एका वैशाखात काका पंचायतीतून धावत आला. बूट हातात, धोतर चिखलात. "वयनी, आपल्या जुव्यार सोलार येतली!"

आईने रातांबे फोडता फोडता मान वर केली. "सोलां खंयसून येतली, भावजीनु? सोलां हयसून भायर जातत."

"सोलां न्हय गे, सोलार! उनावरची लायट!"

"उनात लायट कित्याक व्हयी? उनात दिसता मा सगळा."

रोझाबाय कुंपणापलीकडून खो खो हसली आणि त्या दिवसापासून सगळा जुवा त्या विजेला 'सोलांची लायट' म्हणायला लागला. काका चिडायचा, पण कोण ऐकतंय!

आठवड्याने साहेब आला. कोणत्या खात्याचा ते मी सांगत नाही, आता त्याला काय अर्थ. होडीतून उतरताना गुडघाभर चिखलात गेला, तरी चेहऱ्यावरचं हसू ढळू दिलं नाही. शाळेच्या पडवीत सगळ्यांना बसवून त्याने शुद्ध मराठीत भाषण केलं. "सूर्यप्रकाश ही निसर्गाची देणगी आहे. तेल नको, तार नको, बिल नको. प्रत्येक घराने एकदाच तीन हजार भरायचे, बाकीचे सरकार भरेल. एक पाटी छपरावर, एक बॅटरी घरात, दोन दिवे. महिन्याला सव्वादोन युनिट वीज, आणि पाटी वीस वर्षं चालते. म्हणजे वीस वर्षं वीज फुकट!" मग आमच्याच घरात, माजघराच्या मागच्या काळोख्या खोलीत, जिथे दिवसाही चिमणी लावून भाताच्या कणग्यांपर्यंत जावं लागायचं, तिथे त्याने सोबत आणलेला नमुन्याचा दिवा लावला. पांढरा, धूर नसलेला उजेड. आई आत गेली आणि बाहेरच येईना. मी जाऊन पाहिलं तर ती तांदळाचं सूप घेऊन उभी होती, खडे निवडत. चिमणीच्या धुराने तिचे डोळे बारा महिने लाल आणि पाणावलेले. त्या उजेडात तिने एक बारीक खडा चिमटीत धरून मला दाखवला आणि म्हणाली, "बघ गो सुमा, दिसलो." तिचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. तीन हजार कुठून आणायचे ते तिने तिथल्या तिथे मनात ठरवलंसुद्धा. बाबांना पत्र लिहायला सांगितलं.

आणि मला मात्र साहेबाचा शब्द टोचत राहिला. फुकट. तो त्या व्यापाऱ्यासारखाच बोलला होता! ऊन वरून पडतं हे खरं, पण ते धरायची तट्टी फुकट कुठे होती? पाटी म्हणजे वीस वर्षांची तट्टी. आणि बॅटरी? ती किती वर्षांची, हे साहेब बोललाच नव्हता. सोलां घेऊन बाजारात गेले तेव्हा मी स्टँडजवळच्या बॅटरीवाल्याच्या दुकानात शिरले. तो रिक्षाच्या बॅटऱ्या भरत होता. मी विचारलं, "ही सोलारची बॅटरी किती वर्षं जाते?" त्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं. "कोणाक व्हयी? तुका? चार वर्सां गेली तर देवाक नारळ दी." "आणि किंमत?" "अडीच हजार. बापाशीक पाठव, मगे बोलूया." बापाशीला पाठव म्हणे! माझा बाप समुद्रात, आणि माझ्या प्रश्नाला बाप कशाला लागतो? पण मला हवं ते मिळालं होतं. वाण्याच्या दुकानात त्याचं विजेचं बिलही मी उलटंपालटं करून पाहिलं. युनिटला एक रुपया, आतबाहेर.

घरी येऊन पडवीच्या भिंतीवर, आईच्या उनांच्या रेघांशेजारी, मी कोळशाने हिशेब मांडला. तीन हजार आधी. वीस वर्षांत आणखी चार बॅटऱ्या, त्यांचे दहा हजार. झाले तेरा हजार. हा खर्च. आता वीज किती? महिन्याला सव्वादोन युनिट. पण महिने किती? इथे मी थांबले. जुव्यावर ऊन असतं दिवाळीपासून मिरगापर्यंत. त्यानंतर चार महिने आभाळ. त्या दिवसांत सोलं सुकत नाही, कपडा सुकत नाही, चुलीतलं लाकूडसुद्धा सुकत नाही. मग वीज कशी सुकेल? असंच म्हणाले मी मनाशी, सुकेल. म्हणून आठ महिने. आठ गुणिले सव्वादोन, अठरा युनिट वर्षाला. वीस वर्षांत तीनशे साठ. तेरा हजारांना तीनशे साठने भागलं. छत्तीस. मी परत भागलं. परत छत्तीस. खाडीच्या त्या बाजूला एक रुपया आणि या बाजूला छत्तीस, आणि छत्तीसवाल्यांना सांगतात, तुम्हाला फुकट! माझी कानशिलं तापली. आई मागून येऊन ओरडली, "भित काळी केलंस मेल्ये! हय माझी उनां आसत!" मी तिला समजावायला लागले तर तिची नजर माझ्या आकड्यांवर नव्हतीच, आपल्या पुसल्या गेलेल्या दोन रेघा ती परत ओढत होती.

इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी. माझा हिशेब पूर्ण बरोबर नव्हता. पावसाळ्यातही पाटी थोडी वीज देते, आभाळातून झिरपून येईल तेवढी. सोलांला ऊन लागतं तसं कडक ऊन विजेला लागत नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. म्हणजे छत्तीस नाही, तीसच्या आसपास निघाले असते. आणि पलीकडची वीजही खरं तर एक रुपयाची नव्हती. ते खांब, त्या तारा, ते मैलोनमैल खोदलेले खड्डे, हा खर्च कोणाच्या बिलात होता? साऱ्यांच्या मिळून. माझा आजचा संतापही तोच आहे गो. पलीकडच्यांसाठी सगळ्यांनी मिळून खर्च करायचा आणि जुव्यावरच्यांनी मात्र एकेकट्याने, आणि वर त्यालाच देणगी म्हणायचं!

सह्यांच्या दिवशी परत शाळेच्या पडवीत सगळी वाडी. साहेबाला शहाळं दिलं, मग आगळाचं, म्हणजे रातांब्याच्या खारवलेल्या रसाचं, सरबत, मग रोझाबायने आणलेलं केळं. टेबलावर अकरा कागद. काकाने नवा सदरा घातला होता आणि दर दोन मिनिटांनी "तर मंडळी" म्हणत होता. घराच्या कागदावर बाबांच्या गैरहजेरीत आईचं नाव, म्हणून मी तिच्या मागे बसले होते. सवयीप्रमाणे मी आमचा कागद उचलला आणि वाचायला लागले. वरून खाली, एकेक ओळ. अगदी तळाला, बारीक अक्षरात होतं: 'सदर वाडीचे विद्युतीकरण पूर्ण झाले असून खांबावरील जोडणीची मागणी यापुढे राहणार नाही.'

मी उभी राहिले. ऑफिसच्या माणसाशी बोलायचं म्हणून पुस्तकातली मराठी जुळवून म्हणाले, "साहेब, मला एक विचारायचे आहे. ही वीज किती उनांची?"

"किती काय?"

"उनांची. वर्षातून किती उनां तुम्ही धरली आहेत?"

साहेब हसला. "ऊन कोणी मोजतं का, बाळ? ऊन ते ऊन. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस."

"सायबानु," रोझाबाय बसल्या जागेवरून म्हणाली, "आषाढात माझी चादर आठ दिस सुकणा नाय. तुमची वीज बरी सुकता?" बायका फिदीफिदी हसल्या. मला धीर आला. मी तेरा हजार सांगितले, बॅटऱ्या सांगितल्या, तीनशे साठ सांगितले, छत्तीस सांगितले. बोलता बोलता पुस्तकातली मराठी कुठे गेली कळलं नाही. "पलीकडे एक रुपयो आनी आमका छत्तीस! आनी खालती लिवलास काय, तर खांब नको! कोणी सांगल्यान तुमका खांब नको?"

साहेबाने पेन ठेवलं. "कितवीपर्यंत शिकलीस तू?"

"सातवी."

"अच्छा. मग असं कर, आठवीत जा. भागाकार तिथे नीट शिकवतात." आणि तो हसला. पाठोपाठ कारकून हसला. पाठोपाठ काका हसला, कारण साहेब हसला होता. पाठोपाठ सगळी पडवी. ज्या बायका क्षणापूर्वी माझ्या बाजूने हसत होत्या त्याच आता मला हसत होत्या. आठवी कुठे होती ते सगळ्यांना माहीत होतं. पाण्यापलीकडे! जिथे खांब होते तिथे.

"सुमा, बस खाली," काका म्हणाला. "चेडवान, पोरीच्या जातीन, सायबाच्या तोंडाक लागाचा नाय."

"काका, ती खालची ओळ तेवढी खोडा. लायट घेऊया, पण ती ओळ नको."

साहेब घड्याळाकडे बघत म्हणाला, "छापील कागद आहे, खोडाखोड चालत नाही. सही करा, नाहीतर संच दुसऱ्या वाडीला जातील. रांग लागलीय." संपलं. काकाने पहिली सही केली, लांबलचक, शेपटी काढून. मग एकेक जण. रोझाबायनेही केली. माझ्याकडे न बघता पुटपुटली, "माका एकटीक काळोखाचा भंय दिसता गो, काय करू?" तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

शेवटी आई. कारकुनाने शाईचा पॅड पुढे केला. तिचा अंगठा आधीच रातांब्यांनी काळा पडलेला. तिने हात पुढे नेला, आणि मी डोळे मिटले, कारण तो उजेड तिला किती हवा होता हे तिथे फक्त मला ठाऊक होतं. डोळे उघडले तर तिचा हात पदराखाली होता.

"माका नको."

"काय नको?"

"लायट नको."

"वयनी, येड लागला काय तुका?" काका ओरडला. "दादाक काय सांगू मी?"

"सांगा, नको म्हणाली." आणि ती उठली, माझा दंड धरला आणि चालायला लागली. घरी जाऊन तट्ट्यांवरची सोलां उलटायला बसली.

पाऊस सुरू व्हायच्या आत दहा छपरांवर काळ्या पाट्या बसल्या. दिवेलागणीला दहा घरं पांढरी आणि आमचं एक पिवळं. माझा जीव तीळतीळ तुटायचा. आई चिमणीची काच पुसायची, डोळे पुसायची, परत काच पुसायची. मी एकदा म्हटलं, "आई, जाऊन अंगठा दे, अजून देता येईल." तर म्हणाली, "जेवक वाढ." दुसऱ्या पावसाळ्यात काकाचा दिवा आठ वाजताच लाल व्हायला लागला. पुढच्या पावसाळ्यांत एकेक बॅटरी बसत गेली. नवी आणायला अडीच हजार कोणाकडे नव्हते, आणि साहेबाची बदली झाली होती. रोझाबायने पत्रं पाठवली, उत्तर नाही. पाट्या तेवढ्या शाबूत होत्या. मग एका वैशाखात तिनेच छपरावर चढून त्या काळ्या, तापलेल्या काचेवर सोलां पसरली आणि सात उनांचं काम पाच उनांत झालं! महिन्याभरात दहाही घरांनी पाट्या खाली उतरवून खळ्यात मांडल्या. आमच्याच तेवढ्या बांबूच्या तट्ट्या. लोक हसायचे आणि शिव्याही द्यायचे, आणि सोलां मात्र सुंदर व्हायची.

मग वाडी परत खांब मागायला गेली, आणि ऑफिसात सांगितलं, तुमची वाडी विद्युतीकरण झालेली आहे, मागणी राहत नाही असं तुम्हीच लिहून दिलंय. काका परत आला तेव्हा बूट पायात होते आणि चिखलात तसेच चालत आला, काढायचं भान नव्हतं. माझं तोवर वेंगुर्ल्याला लग्न झालं होतं. मी माहेरी आले होते. काका दारात उभा राहून म्हणाला, "वयनी, थंय रजिस्टरात अकरा घरां आसत आनी सह्यो दहा. तुझ्या नावासमोर कोरा आसा." आणि मग माझ्याकडे न बघता, "सुमा, अर्ज तूच लिव."

मी लिहिला. एका घराचा अर्ज, एका बाईच्या नावाने, 'वीजजोडणी आजपर्यंत मिळालेली नाही.' काकाने स्वतः होडी वल्हवून आईला पलीकडे नेली. तिथला नवा साहेब म्हणाला, एका घरासाठी खाडीतून तार ओढायची? मी म्हणाले, घर एक असलं तरी कागदावर कोरी जागा आहे, तिच्यावर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. त्यांनी खूप फिरवलं. तीन खेपा, पाच खेपा, खेपांना मी रेघा ओढल्या नाहीत. पण आईचा एकटीचा कोरा रकाना कोणाला पुसता येईना, आणि त्याच रकान्याला धरून शेवटी जुव्यावर खांब आले, आणि तार एकदा खाडी ओलांडून आल्यावर बाकीच्या दहा घरांनाही जोडणी मिळाली.

आता तुझ्या गच्चीचं. बसव बाई, जरूर बसव. आता पाट्या स्वस्त झाल्यात, तारेला जोडता येतात, बॅटरीची कटकट नाही. इथे माझ्या शेजाऱ्यांचा हिशेब मी करून दिला तो युनिटला चार रुपयांच्या आत निघाला, घ्यायलाच हवी अशी गोष्ट आहे. पण तो विकायला आलेला पोरगा कागदावर मोठ्या अक्षरात 'शून्य बिल' लिहून बसला होता. मी विचारलं, खाऱ्या वाऱ्याने सांगाडा गंजेल त्याचं काय? मधला तो वीज फिरवणारा डबा दहा-बारा वर्षांनी बदलायचा त्याचं काय? आणि वर्षाचे दिवस किती धरलेस? म्हणाला, तीनशे पासष्ट. मी त्याला चहा न देता घालवला! एवढी वर्षं गेली तरी यांचा पावसाळा येतच नाही. वस्तू जितकी जगेल तितक्या दिवसांत तुझ्या खिशातून जाईल ते सगळं एकीकडे, ती देईल ती वीज दुसरीकडे, आणि मग भाग. जो आकडा येईल तो अभिमानाने सांग. लोकांना चार रुपये सांग, फुकट सांगू नकोस.

ज्या दिवशी करंट आला त्या दिवशी आई घावणे घालत होती. बिडाच्या तव्यावर पीठ ओतलं की चर्र आवाज व्हायचा, आणि वरती तो पिवळा बल्ब. तुझा बाबा सारखा बटण खालीवर करत होता. मी तिच्याशेजारी पाटावर बसले आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बोलले. म्हटलं, "आई, तू एकटीच होतीस जिला माझा हिशेब कळला. एवढी वर्षं धुरात काढलीस त्यापायी."

तिने घावन उलटलं. "तुझो हिशेब मेलो कोणाक कळलो? छत्तीस की काय तां माका आजून समजणा नाय."

"मग अंगठा का नाही दिलास?"

"तो सायब तुका हसलो," ती म्हणाली. "माझ्या चेडवाक हसलो, आनी मी तेका आंगठो दिऊ?" आणि घावन माझ्या ताटात टाकलं.

आता तू ये गो. फोनवर नको, पुढच्या महिन्यात रजा काढ आणि ये. रातांबे लागले आहेत, माझ्याने आता सगळे फोडवत नाहीत. दोन दिवस हात लाल करून घे, बांगड्याचं तिखलं खा, आणि जुव्यावरच्या आपल्या जुन्या घरी मी तुला होडीतून घेऊन जाते. उगाच पावसाळ्यावर ढकलू नकोस.